पाठ न फिरवणारा गोळा

गोळेकाकांचं खरं आडनाव काही गोळे नव्हतं. तारांगणाच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं ग्रहांचे गोळे बनवले, म्हणून ते नाव चिकटलं आणि काकांनाही आवडलं. आता महिनाअखेरीला निवृत्ती. शेवटचा गोळा होता दूरच्या एका खडकाळ ग्रहाचा. पृथ्वीपेक्षा बराच जड, आणि आपल्या लालसर, मंद ताऱ्याला इतका खेटून की त्याचं वर्ष चार दिवसांत आटोपतं.

मॅडमनी, म्हणजे तिथल्या शास्त्रज्ञ बाईंनी, बजावलं होतं की या ग्रहाची कायम एकच बाजू ताऱ्याकडे असते. काकांनी अर्थ घेतला, हा स्वतःभोवती फिरत नाही. मग काय, दातेरी चाकं आणि साखळी बसवून त्यांनी गोळा तसूभरही वळणार नाही असा बंदोबस्त केला. एक बाजू तापल्या विटेसारखी रंगवली, दुसरी काळीभोर. मधोमध ताऱ्याचा दिवा, आणि त्याभोवती फिरणाऱ्या दांडीच्या टोकाला हा गोळा. बटण दाबलं, तर अर्ध्या फेरीत लाल बाजू दाराकडे अन् काळी दिव्याकडे!

मॅडम म्हणाल्या, अहो, तो स्वतःभोवती फिरतो, पण ताऱ्याभोवतीच्या एका फेरीत एकदाच. काकांच्या डोक्यावरून गेलं. दुसऱ्या दिवशी दालन उघडायचं होतं, आणि जमलं नाही तर गोळ्याच्या जागी नुसतं चित्र लागणार होतं. शेवटचंच काम फसलं म्हणून काकांना फार वाईट वाटलं.

संध्याकाळी काकू स्वयंपाकघरात स्टुलावर बसून मटार सोलत होत्या. काकांनी त्यांना सगळी कर्मकहाणी ऐकवली. काकू म्हणाल्या, मी तारा, माझ्याकडे बघत माझ्याभोवती फिरा बघू. काका फिरू लागले. काकूंच्या मागे आधी खिडकी दिसली, मग कपाट, मग दार, मग नळ, आणि पुन्हा खिडकी.

"चारही भिंती बघून झाल्या," काका थबकले. "म्हणजे मी फिरलो की!"

"आणि माझ्याकडे पाठ एकदाही नाही केलीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच."

काका चक्क लाजले.

सकाळी त्यांनी चाकं, साखळी, सगळी भानगड काढून टाकली आणि गोळा थेट दांडीला एका स्क्रूने आवळला. लाल बाजू दिव्यासमोरून हलली म्हणून नाही. उद्घाटनाच्या वेळी मॅडमनी विचारलं, कसं सुचलं? काकांनी पहिल्या रांगेतल्या काकूंकडे बोट दाखवलं.

गर्दी पांगल्यावर काकू गोळ्यापाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. महिनाअखेरीनंतर तुम्हाला करमेल का, एवढंच त्यांनी विचारलं.

"न करमायला काय झालं?" काका म्हणाले. "आता ड्यूटी तुझ्याभोवती."

काकूंचे डोळे भरून आले. मग मटार तुम्हीच सोलायचे, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.