गिटारण्णाचा सगळ्यात चांगला सोलो

गिटारण्णा गेला, त्यानंतरच्या पहिल्या रामनवमीच्या उत्सवात त्याच्या बायकोनं आम्हां तिघांना घरी बोलावणं धाडलं. निरोप मिस्त्रींनी कारखान्याच्या बसमध्ये माझ्या कानावर घातला. "अक्कांनी बोलावलंय बघा. जेवायला न्हाई. तो काय वाजवायचा ते सांगायला या म्हणाल्या. पोरगी मोठी झाली की विचारेल, बाबा काय वाजवायचा म्हणून. तिला सांगायला आपल्याजवळ काही न्हाई म्हणत होत्या."

मी मनातून सुखावलो. लिहायला लाज वाटते, पण सुखावलो हे खरं. उभ्या बेंगळुरात गिटारण्णाविषयी बोलायचा अधिकार कुणाला असेल तर तो आम्हालाच, अशी माझी ठाम समजूत होती.

आम्ही तिघं म्हणजे मी, मिस्त्री आणि मास्तर. यशवंतपूरच्या पुढं एक मोठा कारखाना होता. तिथं मी नकाशे काढायचो, मिस्त्री लेथवर असायचे आणि गिटारण्णा तपासणी खात्यात. मिस्त्री बेळगावकडचे, त्यांची मराठी त्यांच्यासारखीच रोखठोक. माझं घराणं शहाजीराजांच्या काळात इकडं आलेलं, म्हणून आमची मराठी निम्मी कन्नड. मास्तर पूर्ण कन्नड, आमच्याच गल्लीतल्या शाळेत गणित शिकवायचे आणि आमच्याशी बोलताना मराठीची दोन वाक्यं हट्टानं घुसडायचे. गिटारण्णाला मूळचं नाव होतं, पण ते पगाराच्या दिवशीच कामाला यायचं.

त्याची गिटार हवाईयन. आडवी मांडीवर घ्यायची, उजव्या हाताच्या बोटांत नख्या चढवायच्या आणि डाव्या हातात पोलादी कांडी धरून ती तारांवरून सरकवायची. ही कांडी त्याला मिस्त्रींनी लेथवर करून दिली होती. बाजारातली कांडी तारेवर खरखरते म्हणून मिस्त्रींनी दुपारच्या सुट्टीत आठ दिवस घासून तिला असं काही पॉलिश केलं की तीत तोंड बघून भांग पाडावा. तेव्हापासून कुठल्याही चांगल्या मींडेचं निम्मं श्रेय मिस्त्री स्वतःकडे घ्यायचे आणि गिटारण्णा ते बिनतक्रार द्यायचा.

आमच्या भागात दर वर्षी रामनवमीचा मांडव उभा राहायचा आणि दहा-बारा दिवस गाणं चालायचं. मोठे विद्वान रात्री बसायचे. गिटारण्णाला मिळायचा तो एका संध्याकाळी सहाचा अर्धा तास, म्हणजे लोक चपला कुठं काढायच्या हे शोधत असायचे तेव्हाचा. गिटार हे हॉटेलात वाजवायचं वाद्य, त्यावर राग कसला, असं म्हणणारी मंडळी समितीतच होती. गिटारण्णा आधी फर्माइशीची दोन-तीन गाणी वाजवून टाकायचा आणि मग शेवटची दहा मिनिटं ठेवायचा स्वतःसाठी. त्याला तो सोलो म्हणायचा. त्यात ओळखीचं गाणं नसायचं, शब्द नसायचे, आधीच्या वर्षीचंही काही नसायचं. त्या दहा मिनिटांवर आम्ही वर्षभर जगायचो.

आम्ही पहिल्या रांगेत बसायचो, डोळे मिटून. खरा जाणकार डोळे मिटून ऐकतो असा आमचा नेम होता. कुणी डोळे उघडे ठेवून बघत बसलेला दिसला की मास्तर त्याची कीव करायचे.

सोलो संपला की मोठ्या विद्वानांसाठी न थांबता आम्ही उठायचो आणि दोन गल्ल्या ओलांडून गिटारण्णाच्या घरी जेवायला जायचो. हाही नेमच. पानावर भिजवलेल्या डाळीची कोसंबरी, हुळी म्हणजे आमच्याकडचं सांबार, लिंबू पिळलेल्या भाताचं चित्रान्न, वर गुळाचं पानक. अक्कांच्या हाताला अशी चव होती की मास्तर वर्षभराचं पथ्य त्या दिवशी मोडायचे. जेवता जेवता आम्ही नुकताच ऐकलेला सोलो पुन्हा वाजवायचो, तोंडानं. "तिथून तो जो खाली उतरला!" "आणि मधेच थांबला कसा!" गिटारण्णा पानाकडे बघत हसायचा. अक्का वाढत असायच्या. एका फोटो स्टुडिओवाल्याकडे टेपरेकॉर्डर होता, तो पुढच्या वर्षी मागून आणू असंही आम्ही दर वर्षी त्याच पंगतीत ठरवायचो.

मग एका पावसाळ्यात त्याला कावीळ झाली आणि तीन आठवड्यांत सगळं संपलं. पस्तिशीचाही नव्हता. टेपरेकॉर्डर काही आला नव्हता.

तर त्या संध्याकाळी आम्ही तिघं त्याच्या घरी गेलो. मी धुतलेला शर्ट घातला होता आणि काय बोलायचं ते बसमध्ये मनात जुळवून ठेवलं होतं. गिटार खोळीत घालून कोपऱ्यात उभी होती. पोरगी दोन वर्षांची व्हायची होती, ती अक्कांच्या मांडीवर बसून मास्तरांच्या चष्म्याकडे टक लावून बघत होती. अक्कांनी कॉफी दिली आणि म्हणाल्या, "सांगा. स्वल्प सावकाश सांगा, मला गाण्यातलं कळत न्हाई."

मिस्त्रींनी सुरुवात केली. "तार तुटली तो सोलो. त्याच्यावर काई न्हाई. ऐन रंगात वरची तार तुटली की वो, आणि गड्यानं पाच तारांवर निभावलं. कुणाला पत्ता लागू दिला न्हाई."

"तार आदल्या दिवशी सकाळी घरी तुटली होती," अक्का म्हणाल्या. "मीच बाजारात जाऊन नवी आणली. मांडवात सहाही होत्या."

मिस्त्रींनी कॉफीचा मोठा घोट घेतला. मास्तरांना जोर चढला. त्यांचा सोलो कोणता तर ज्या वर्षी रात्रीचे बडे गायक स्वतः पडद्यामागून बाहेर येऊन ऐकत उभे राहिले तो. मी म्हटलं, "ते गायक पानाची पिंक टाकायला बाहेर आले होते." मास्तर चिडले. मी माझा सोलो काढला. वीज गेली, कर्णे बंद पडले, आणि गिटारण्णा नुसत्या हातानं, माइकशिवाय वाजवत राहिला, सगळा मांडव पुढं सरकून ऐकू लागला, तो. मास्तर म्हणाले, माइक नव्हता तर हवाईयन गिटार तिसऱ्या रांगेलासुद्धा ऐकू जायची नाही, मांडव कसला पुढं सरकतो? आम्ही हमरीतुमरीवर आलो. मेलेल्या मित्राच्या घरात, त्याच्या बायकोसमोर, आम्ही वर्षांवरून भांडत होतो.

अक्कांनी आम्हाला थोडा वेळ भांडू दिलं. मग म्हणाल्या, "कुठला चांगला ते राहू द्या. तो कसा होता ते ऐकवा ना."

आता आली का पंचाईत! मिस्त्रींनी गुणगुणायला घेतलं. चार सुरांत अक्कांनी हात वर केला. "तिथं असं सरळ खाली न्हाई यायचे. आधी थांबायचे, मग परत वर जायचे, मग खाली." त्यांनी हळूच म्हणून दाखवलं, आणि काय सांगू, कांडी तारेवरून सरकावी तसा सूर सरकला. मास्तरांनी प्रयत्न केला, तोही त्यांनी सुधारला. माझाही सुधारला. त्यांना हे सगळं पाठ होतं. गिटारण्णा पहाटे, कारखान्याची बस यायच्या आधी, तारांखाली फडकं कोंबून सराव करायचा, म्हणजे शेजारी उठू नयेत. एकच तुकडा चाळीस-चाळीस वेळा. अक्कांना ते सगळे तुकडे येत होते. फक्त ते तुकडे मांडवात एकमेकांना जोडून तो काय करायचा, हे त्यांना हवं होतं. आणि तेच नेमकं आम्हाला सांगता येत नव्हतं.

"बरं," त्या म्हणाल्या, "वाजवताना तोंड कसं असायचं त्यांचं? घरी तर ओठ चावायचे. तिथं हसायचे का?"

मी मिस्त्रींकडे बघितलं, मिस्त्रींनी मास्तरांकडे. दहा वर्षं पहिल्या रांगेत बसणारे आम्ही तीन जाणकार, एकालाही ठाऊक नव्हतं. मला त्या क्षणी स्वतःच्या मुस्कटात मारून घ्यावीशी वाटली.

ओशाळलेला माणूस काहीतरी मूर्खासारखं बोलतो, तसा मी बोललो. "अक्का, पण तुम्ही कधीच कशा आला नाहीत मांडवात? बायका तर कितीतरी यायच्या."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागानं नव्हे, मला खरंच माहीत नाही का, याचा अंदाज घेत असल्यासारख्या. "अण्णा, सहाला त्यांचं वाजवणं. सातला तुमची पानं. मी मांडवात बसले असते तर हुळी कुणी केली असती?"

मास्तर उगीच पोरीला चष्मा देऊ लागले. दर वर्षी तो वाजवत असताना ही बाई आमच्यासाठी डाळ शिजवत होती, आणि आम्ही येऊन, तिचंच खात, तिलाच सांगत होतो की आज काय बहार झाली. इतक्या वर्षांत आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की एकदा हॉटेलातून इडली आणावी. मला आमचा राग आला, आणि गिटारण्णाचाही थोडा आला, पण मेलेल्यावर रागावून उपयोग नसतो.

अक्काच आमच्या मदतीला धावल्या. "सरी, बरं, सोडा ते. एकदा ऐकलाय मी." गल्लीच्या तोंडाशी खांबाला मांडवाचा कर्णा बांधलेला असायचा, त्या सांगू लागल्या. घरापर्यंत आवाज यायचा. पण स्टोव्ह पेटला की त्याच्या भरभरीत कर्ण्याचं काहीच ऐकू यायचं नाही. "ही सात महिन्यांची पोटात होती. फर्माइशीची गाणी झाली आणि लोकांच्या टाळ्या आल्या. मला वाटलं, आता ते स्वतःचं वाजवणार. मी स्टोव्ह बंद केला आणि मागच्या पायरीवर जाऊन बसले. पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला."

आणि त्यांनी तो म्हणून दाखवला. अडखळत नाही, सजवत नाही, मुलीला थोपटत थोपटत. सुरुवातीला सराव केलेले तीन तुकडे ओळखू आले, मग ते एकमेकांत शिरले, मग वर जाऊन एका सुरावर इतका वेळ राहिले की मी श्वास धरला. मग खाली, आधी थांबून, परत वर जाऊन, मग खाली. या खेपेला आम्ही तिघंही डोळे उघडे ठेवून ऐकत होतो. पोरगी आईच्या तोंडाकडे बघत होती.

"हा चांगला होता का?" अक्कांनी विचारलं. "मला एवढा एकच ठाऊक. हिला सांगायचा तर हाच सांगेन. पण तुम्ही सगळे ऐकलेत. बाकीच्यांच्या मानानं हा कसा होता? खरं सांगा."

"ह्योच," मिस्त्री एकदम म्हणाले. "ह्योच सगळ्यात भारी." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खोटं बोलत होते. खोटं म्हणजे, त्यांना तो सोलो आठवत नव्हता. मास्तरांनाही आठवत नव्हता, त्यांच्या मान हलवण्यावरून मला कळलं. आम्ही तिघंही त्या संध्याकाळी पहिल्या रांगेत होतो आणि आमच्या कुणाच्याच यादीत तो नव्हता.

मी आठवायचा फार प्रयत्न केला. दोन वर्षांपूर्वीची रामनवमी. सोलो येईना. आली ती पंगत. स्टोव्ह मधेच बंद केलेला, त्यामुळे हुळीतली डाळ शिजलीच नव्हती, दाताखाली कचकच लागत होती. मास्तरांनी बोटानं ती पानाच्या कडेला सारली होती. आणि मी, सगळ्यांना हसवायचं म्हणून, स्वयंपाकघरापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणालो होतो, "अक्का, आज लक्ष कुठं होतं तुमचं?"

सगळे हसले होते. गिटारण्णा हसला नव्हता. त्यानं मान वर करून दाराकडे बघितलं होतं, पान पुढं केलं होतं आणि ती कच्ची हुळी दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा मागून घेतली होती.