कंसातला पाच

वनमाला परब यांनी घाटकोपरच्या एका मराठी शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं. वडील गिरणी कामगार. पोरीनं गणितात नाव काढावं ही त्यांचीच हौस. निवृत्तीनंतर बाई आपल्या जुन्या विद्यार्थ्याच्या, सुबोधच्या क्लासात बारावीला शिकवू लागल्या. शाळेत गणितात काठावर पास होणारा सुबोध आता स्टेशनबाहेरच्या फलकावर हाताची घडी घालून उभा होता. नावाखाली लिहिलं होतं, ‘गणितसम्राट’.

सम्राटांनी जूनमध्ये पुस्तिका काढली. नवव्या पानावर (5x+3)² चं डेरिव्हेटिव्ह 2(5x+3) छापलं होतं.

“सुबोध, चेन रूल लावलास, मग कंसातल्याचं डेरिव्हेटिव्ह कुठे गेलं? पाचानं गुणायचं राहिलं.”

“बाई, पाच कॉन्स्टंट आहे. कॉन्स्टंटचं शून्य. तुम्हीच शिकवलंत ना?”

“सुट्या कॉन्स्टंटचं शून्य, रे. म्हणून तीन गेला. पाच तर x ला चिकटलाय, तो कसा जाईल?”

“पण बाई, दोन हजार कॉपी छापून झाल्यात.”

गणितातला हा नियम बाईंना नवा होता. तरी वर्गात त्यांनी पाच लिहिलाच. पोरं गोंधळली, पालक भडकले. सुबोधने मग पालकांच्या ग्रुपवर मतदान घेतलं: पाच हवा की नको? एक्क्याऐंशी विरुद्ध सहा मतांनी पाच पडला. उत्तर आटोपशीर होतं, हे बहुतेकांना आवडलं.

रविवारी पालक आणि मुलांसमोर बाईंना खुलासा द्यायला उभं केलं. खुलासा न देता त्यांनी ऋतिका नावाच्या विद्यार्थिनीला फळ्याशी बोलावलं.

“चेन रूल विसर. कंसाचा वर्ग उलगड, मग एकेक पद घे.”

ऋतिकाने लिहिलं: 25x²+30x+9. त्याखाली डेरिव्हेटिव्ह, 50x+30. बाईंनी शेजारी पुस्तिकेतलं उत्तर सोडवून मांडलं: 10x+6.

“याला पाचानं गुणा,” त्या म्हणाल्या.

सभेतूनच उत्तर आलं, 50x+30. मागून एका वडिलांनी विचारलं, “मग आमच्या मतदानाचं काय?”

“ते तुमची तयारी तपासायला होतं,” सुबोध म्हणाला, आणि टाळ्या घेऊन गेला.

पंधरवड्यात नवी पुस्तिका आली. नवव्या पानावर चौकट होती: ‘सुबोध सरांची पाचपट ट्रिक’. बाईंनी चष्मा लावून उत्तर तपासलं. बरोबर होतं. राग आला, पण त्याहून हसू जास्त आलं. ऋतिकाने विचारलं, “बाई, तुमचं नाव कुठेय?”

“उत्तर बरोबर आहे ना? मग पुढचं गणित घे.”