हॅना ब्रेनॉकची कोरडी जागा

आयर्लंडातल्या करॅच्या माळावर हॅना ब्रेनॉकच्या अडतीस मेंढ्या चरायच्या. पाठीवर गेरूचा पट्टा. तो दिसला की तिथल्या लष्करी छावणीतला शिपाईसुद्धा वाट सोडायचा. मेंढ्यांना नव्हे, मागनं येणाऱ्या हॅनाला भिऊन. चराईचा हक्क तिच्या मेलेल्या नवऱ्याच्या पणज्यापासूनचा. छावणी नंतर आलेली.

१९१५च्या फेब्रुवारीत छावणीत नवी भरती आली. फ्रान्सातल्या लढाईवर जायच्या आधी पोरांनी खंदक खणायला शिकायचं होतं. तरण्या कप्तानानं नकाशावर रेघ मारली, ती नेमकी पाणथळीत. दुसऱ्याच दिवशी खंदकात गुडघाभर पाणी. मग त्याची नजर वळली मेंढ्या बसायच्या त्या उंचवट्याकडं.

मेंढ्या गाभण, पंधरवड्यात विणार. तिथं खंदक पडला तर कोकरं चिखलात पडून तासाभरात गार व्हायची. हॅना त्या उंचवट्यावर गेली आणि काठी रोवून उभी राहिली.

"बाई, जनावरं हलवा. युद्ध चालू आहे," कप्तान म्हणाला.

"हाय की. माझ्या मेंढ्यांनी न्हाई लावलं."

पोरं खिदळली.

"मला कोरडी जमीन पाहिजे," कप्तान तडकला.

"मग कागदाला कशाला इचारलं? मला इचारायचं. त्या काटेरी झुडपांमागं उतार हाय, तितं खना. पानी लागलं तर मी तवाच मेंढ्या हाकलते. न्हाई लागलं तर शेवटचं कोकरू चालंस्तवर माझ्या जागंला हात लावायचा न्हाई. मग खुशाल खना."

तळहातावर थुंकून, गुरांच्या बाजारात सौदा पक्का करतात तसा, तिनं हात पुढं केला. मेलेला उंदीर बघावा तसा कप्तान त्या हाताकडं बघत राहिला.

"लष्करात थुंकून करार होत नाहीत."

"मग झालाच न्हाई म्हना."

हात मात्र तसाच पुढं. टूही नावाचा सार्जंट टिपरेरी भागातला, शेतकऱ्याच्या घरचा. तो हळूच म्हणाला, "साहेब, थुका आनि टाळी द्या. पोरांचं पाय भिजून पांढरं पडल्यात."

कप्तानानं हातमोजा काढला. थुंकायचाही सराव नव्हता. निम्मं बुटावर पडलं. पण टाळी वाजली.

तीन दिवस पाऊस झोडपत होता. उतारावरचा खंदक कोरडा राहिला. उंचवट्यावर त्रेचाळीस कोकरं झाली, दोनच दगावली. एप्रिलात पलटण आगगाडीत बसून फ्रान्सला गेली. कप्तान गेला, सार्जंट टूही गेला.

शेवटचं कोकरू आईमागं धावायला लागलं त्या सकाळी हॅना छावणीच्या फाटकावर हजर. नव्या साहेबाला म्हणाली, "माझी जागा मोकळी झाली. खना आता."

"कुणी सांगितलं?"

"कबूल केलंय म्या."

"कागद कुठाय?"

"कागद न्हाई. थुकून केलंय."

साहेब चक्रावला, पण कोरडी जमीन आपण होऊन दारी आलेली कोण सोडतो? हॅनानं नव्या पोरांना उंचवट्यावर नेलं, टाचेनं गवतात रेघ ओढली आणि मेंढ्या हाकत खालच्या रानाला लागली.