डॉक्टरांच्या गाडीचं जेट

गेल्या गुरुवारपर्यंत हे मी एका जिवालाही सांगितलं नव्हतं. बायकोला नाही, भावाला नाही. सहा वर्षं — रोज गाड्या दुरुस्त करत होतो, आणि ही एक गोष्ट तशीच ठेवून. आता दोन घरी बोलून झाली आहे, तर तुम्हालाही सांगतो.

मी ब्रह्मपुरीत मेकॅनिक आहे. गॅरेज नवीनच टाकलं होतं तेव्हा. गावात मोटारी किती? बोटांवर मोजण्याइतक्या. त्यातली एक डॉक्टरसाहेबांची. ते कुरखेड्याकडच्या जंगलातल्या गावांना रोगी पाहायला जायचे, आणि गाडी चालवायचे करीमभाई. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. गाडीला असे जपायचे की चिखलातून आली तर आधी गाडी धुवायचे, मग हातपाय.

एकदा त्या रस्त्याच्या धुळीनं गाडी आचके देऊ लागली. मी कार्बोरेटर खोललं. त्यात जेट असतं — पितळेचा लहानसा तुकडा, सुईच्या नेढ्याएवढं भोक, त्यातून पेट्रोल मोजून जातं. भोकात कचरा होता. तो फुंकून काढायचा असतो. तार घालायची नसते, हे मला उस्तादानं पहिल्या महिन्यातच शिकवलं होतं. पण फुंकून निघेना, आणि मला घाई होती. मी तार घातली. गाडी सुरळीत चालू लागली. डॉक्टरसाहेबांनी चार लोकांत माझं नाव घेतलं.

महिन्याभरानं ते स्वतः गाडी घेऊन आले. एका गॅलनला बावीस मैल देणारी गाडी आता चौदाही देत नाही म्हणाले. चांद्याला औषधं आणायला करीम एकटाच जातो, असंही म्हणाले. तो वाटेत पेट्रोल विकतो की काय, हे पुढचं बोलले नाहीत. ते नेक माणूस, संशय घ्यायचीही त्यांना लाज वाटत होती. मला फक्त एवढंच विचारलं, गाडीत काही दोष आहे का?

मी त्यांच्यासमोर सगळं तपासलं. चाकांत हवा बरोबर. ब्रेक कुठं घासत नव्हते. टाकी, नळी — कुठं थेंबही गळत नव्हता. मग ते समोर चहाला गेले आणि मी प्लग काढले. चारही प्लग काजळीनं काळे. इंजिनात गरजेपेक्षा जास्त पेट्रोल जात होतं. का जात होतं, हे मला कोणी सांगायची गरज होती का? माझ्या तारेनं ते भोक मोठं केलं होतं.

प्लग मी फडक्यानं पुसले. परत बसवले. डॉक्टरसाहेब आले तेव्हा म्हणालो, "गाडीत दोष नाही."

तीन शब्द. त्यांचा अर्थ काय होणार, हे मला बोलतानाच कळत होतं.

चार दिवसांनी करीमभाई आले. नोकरी गेली होती. ओरडले नाहीत, हत्यारांच्या पेटीवर बसले.

"तू पाह्यली ना गाडी? काईच नाई भेटलं?"

"नाई, भाऊ," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि गेले. पुढं कळलं, बायकोला घेऊन राजुऱ्याला गेले.

पण खरी गोष्ट अजून पुढंच आहे — तीच सांगायला जड जाते. मी नागपूरहून नवीन जेट मागवलं होतं. करीमभाई गेल्यावर नवा ड्रायव्हर गाडी धुण्यापुसण्याला, तेलपाण्याला घेऊन आला, तेव्हा मी ते गुपचूप बसवलं. गाडी पुन्हा बावीस मैल देऊ लागली. डॉक्टरसाहेब खिन्न होऊन म्हणाले, म्हणजे करीमच होता तर. आणि मी तिथं उभा होतो, हात पुसत. गाडी मी दुरुस्त केली, आणि त्या दुरुस्तीनंच त्यांच्यावर चोरीचा शिक्का पक्का केला.

गेल्या गुरुवारी सकाळच्या गाडीनं मी निघालो. काही कारण घडलं असं नाही. राजुऱ्यात करीमभाई सायकलीचं दुकान चालवतात. दाढी पिकलेली. पाण्याच्या घमेल्यात ट्यूब दाबून पंक्चर शोधत होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं — तार, प्लग, नवीन जेट. त्यांचे हात पाण्यातच राहिले.

त्यांनी विचारलं, "तार कोणती होती?"

"क्लचच्या केबलीची."

"थे कडक रायते. पितळ खाते थे."

मग हात पुसून उठले. "आत चाल. हे माह्या बायकोसमोर बोल."

भाभी तांदूळ निवडत होत्या. आत शिरताना करीमभाईंनी मला सांगितलं होतं, नोकरी गेली त्या दिवशी भाभींनी त्यांना एकदाच विचारलं होतं, घेतलं असेल तर मला तरी सांगा. त्यानंतर दोघांत तो विषय निघाला नव्हता. मी पुन्हा सगळं सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"एक डाव अजून सांगा, भाऊ," त्या म्हणाल्या. माझ्याकडे पाहत नव्हत्या, नवऱ्याकडे पाहत होत्या.

मी तिसऱ्यांदा सांगितलं. करीमभाई भिंतीला टेकून बसले आणि तोंडावर हात ठेवून रडले. मी बाहेर आलो. मला कोणी थांबवलं नाही.

परत आल्यावर तसाच डॉक्टरसाहेबांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला जायला सांगितलं. रविवारी ते स्वतः गाडी चालवत राजुऱ्याला गेले. तिथं काय झालं, मला माहीत नाही. त्यांची गाडी आता माझ्याकडे येत नाही, आणखी दोघांच्याही येत नाहीत.

तरी खरं सांगू? किती हलकं वाटतंय. काल ब्रेक बसवताना गाणं गुणगुणत होतो, ते माझं मलाच उशिरा कळलं. असं वाटायचा मला हक्क आहे का, ते ठाऊक नाही. पण वाटतंय.

करीमभाईंनी पेट्रोल चोरलं नव्हतं. भोक माझ्या तारेनं मोठं झालं होतं, ते मला त्याच दिवशी कळलं होतं, आणि मी म्हणालो, दोष नाही.