सही नसलेला तिसरा भाग

आमचे मामंजी, नाथाजी, लष्कराच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचे. रिटायर होऊन पस्तीस वर्षं झाली, तरी कडेगावात सगळे त्यांना अजून 'बँडवाले'च म्हणतात. त्यांच्या तोंडून एक शब्द काढायचा तर हात जोडावे लागतात! आणि मला कुठलीही गोष्ट अर्धवट कळली की जेवण गोड लागत नाही.

परवा साताऱ्याहून अंजनाताई आल्या. मामंजींचे बँडमास्तर उदयसिंह साहेब, त्यांची मुलगी. साहेब गेल्या वर्षी वारले. त्यांच्या ट्रंकेत एक वही सापडली, तिच्यात पियानोचा सोनाटा. म्हणजे पियानोवर वाजवायची तीन भागांची मोठी रचना, हे मला ताईंनीच समजावलं. पुढच्या महिन्यात ती पुण्यात वाजणार, छापून येणार. पण कुणाच्या नावावर? अक्षर सगळं मामंजींचं. पहिल्या दोन भागांखाली त्यांची सही नि लष्करातला नंबर. तिसऱ्याखाली काहीच नाही.

"काका, खरं सांगा. सही केलेले दोन भाग तुमचे का?" ताईंनी विचारलं.

"न्हाई वो ताईसाब. सायबांचंच हाय ते," मामंजी म्हणाले नि गोठ्याकडं निघून गेले.

ताईंचा जीव भांड्यात पडला. म्हणजे सगळंच बाबांचं, म्हणाल्या, आणि मामंजींना बघायला म्हणून वही दोन दिवस ठेवून गेल्या.

मला कुठली चैन पडायला! संध्याकाळी मामंजी वही घेऊन बसले. पहिली पानं भराभर उलटली. तिसऱ्या भागावर मात्र बोट फिरवत राहिले, ओठ हलत होते.

"हे कुणाचं, मामंजी?"

"चहा टाक," म्हणाले. घ्या!

दुसऱ्या दिवशी किराणा आणायला गेले. माझं अक्षर दुकानदाराला लागत नाही, म्हणून माझी यादी मामंजी पुन्हा लिहून देतात. खाली नेहमीसारखं 'नक्कल करणार, नाथाजी' आणि तारीख. यावरून मी त्यांना कितीदा चिडवलंय! बँडातली सवय ती. दुसऱ्याचं उतरवून काढलं की खाली सही करायची, चूक निघाली तर कुणाला धरायचं ते कळावं म्हणून.

आणि मी दुकानातच थबकले. गाय कधी व्याली, उसाला पाणी कधी दिलं, हे मामंजी घरच्या कॅलेंडरवर लिहितात. त्याखाली कुठं सही असते?

साखर काउंटरवर तशीच सोडून घरी आले. यादी आणि कॅलेंडर त्यांच्यापुढं ठेवलं. "उतरवलेलं असलं की सही. स्वतःचं असलं की नाही. मग तिसरा भाग?"

मामंजींनी यादीची घडी घातली.

"सायेब लय आजारी पडलं. म्हनलं, नाथा, फुडचं तू लिव. लिवलं. वाचून 'ठीक हाय' म्हनलं, नि वही ठिवून दिली. कुनाचं ते त्यांनी कवा सांगितलं न्हाई. मग म्या कसं सांगावं?"

"आणि चाळीस वर्षं गप्प बसलात?"

"कुनी इचारलं न्हाई, पोरी."

मला रडूच आलं. रागही आला, साहेबांचा आणि यांचाही. तसाच ताईंना फोन लावला, सगळं सांगितलं. ऐकून त्या म्हणाल्या, "काकांना म्हणावं, आता तरी सही करा."

मामंजींनी वही उघडली, तिसऱ्या भागाखाली पेन टेकवलं. सवयीनं 'नक्कल करणार' लिहिलं नि थांबले. मग माझ्याकडं पट्टी मागितली, ते दोन शब्द सरळ रेघ मारून खोडले, आणि खाली नुसतं लिहिलं, नाथाजी.