किशनमामानं गिरवलेली सावली

किशनमामा गेला हे मला आईनं फोनवर सांगितलं, आणि बाकीच्या सोयऱ्यांना कळवायचं काम माझ्यावर टाकलं. आईची चूकच झाली ती. मावशीला फोन लावला, तं म्हणाली, "मेल्या, असली थट्टा करतेत व्हय?" आणि फोन आपटला. साखरा गावच्या चुलतभावानं तं पुरतं ऐकूनपण घेतलं न्हाई. "आता हेच मामाच्या आवाजात बोल," म्हणे. मी ओरडलो, अरे खरंच गेला रे मामा! तं म्हणतो, "हा कोणाचा आवाज काढला? वळखू न्हाई आला." शेवटी आईनंच रडत रडत सगळ्यांना परत फोन केले. हेडमास्तरापासून एसटीच्या कंडक्टरापर्यंत गावभर सगळ्यांच्या नकला करत मोठ्या झालेल्या माणसाचं असंच होतं. त्याचं खरं कोणी खरं धरत न्हाई. मामासोबत तं माझं हे आधीच एकदा होऊन गेलं होतं... मामाला जाऊन महिना झाला, पण तेच डोक्यात घुमून राहिलंय.

मामा पेंटर. घर डोंगरकडा गावात, दुकान वारंगा फाट्यावर. ट्रकच्या मागचे मोर, लग्नाच्या भिंती, खताच्या दुकानाच्या पाट्या, सगळं करायचा. पण त्याचा खरा जीव एकाच कामात होता. सरकारी टीव्हीचं चिन्ह. नव्वदच्या सुमाराला आमच्याकडं टीव्ही म्हणजे तो एकच. त्यामुळं टीव्ही दुरुस्तीच्या दुकानावर, शाळेच्या टीव्हीच्या खोलीवर, बॅटरी चार्जिंगवाल्याच्या पत्र्यावरसुद्धा लोकांना ते चिन्ह पाहिजे असायचं. आणि ते काढावं तं किशनमामानंच.

अडचण अशी की चिन्ह हातात कुठं होतं? कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी दोन पाकळ्या गरागरा फिरत यायच्या, मधल्या गोळ्याला मिठी मारून थांबायच्या, आणि गायब. एवढ्यात काय काढणार? मामानं त्याच्यावर युक्ती काढली. टीव्ही गरम झाला की त्याच्या काचेला हात लावला तं केसं उभे राहतेत, त्या काचेवर बटर पेपर ठेवला तं आपोआप चिकटतो. मामा पेपर चिकटवून, पेन्सिल टोकदार करून, दम धरून बसायचा. आज डावी पाकळी, उद्या उजवी. परवा लाईट जायची. मी शेजारी बसून ती सुरुवातीची धून तोंडानं वाजवायचो. मामा वरडायचा, "हळू वाजव रे लेका, माझा हात पळून राहिला!" जसं काय धून माझ्या तोंडातूनच येत होती.

आता खरी गोष्ट. टीव्हीचा टॉवर आमच्यापासून लांब. आमच्याकडं चित्र डबल दिसायचं. माणसाच्या उजव्या अंगाला त्याचीच एक फिकट सावली चिकटलेली. बातम्या देणाऱ्या बाईला चार कान. आमाला त्याची इतकी सवय की कोणाला काही वाटायचं न्हाई. मामानं चिन्ह गिरवलं तं सावलीसकट गिरवलं. काचेवर जे होतं ते कागदावर घेतलं. भिंतीवर काढताना सावलीला वेगळा राखाडी रंग कालवला. इतकं देखणं दिसायचं ते की फाट्यापासून डोंगरकड्यापर्यंत सगळ्या दुकानांवर चिन्हाला सावली आली. दुसरे पेंटरपण मामाचं बघून सावली काढायला लागले.

मग टीव्हीवाल्यांना काय खाज सुटली कोण जाणे. चिन्ह बदलायला लागलं. कधी रंग बदलले, कधी पाकळ्या बारीक केल्या, दुसरा चॅनेल आला तं त्याचं वेगळं, मराठीचा आला तं त्याचं अजून वेगळं. आणि मामानं काय करून ठेवलं होतं? सगळ्या दुकानदारांना शब्द देऊन बसला होता की चिन्ह बदललं तं मी बदलून देईन. झालं. सायकलला डबे लटकवून बिचारा निघायचा. एक फेरी पुरी होते न होते तं टीव्हीवर नवीनच काहीतरी. "अरे कालचा रंग वाळला न्हाई अजून! तिकडं बसून कोण करतं रे हे? त्याला घरी काही काम न्हाई का?" मी चिडायचो. म्हणायचो, मामा, सोडा ना, कोण बघतं तुमचं चिन्ह? तं म्हणायचा, "मी बघतो ना." डोकं आपटून घ्यावं वाटायचं.

पुढं चिन्ह छोटं होऊन पडद्याच्या कोपऱ्यात बसलं, दिवसभर. मामा खूश. "आता बरं झालं भाचेराव, आता पळत न्हाई ते." रुपयाएवढं चिन्ह, त्याच्यावर बारीक चौकटी आखायचा आणि भिंतीवर दोन्ही हात पसरून वावभर करायचा. सावलीपण वावभर.

त्याच वर्षी मी कॉलेजसाठी नांदेडला गेलो. घरमालकाकडं केबल होती. कोपऱ्यात पाहिलं तं तेच चिन्ह, एकदम स्वच्छ. सावली न्हाई, काही न्हाई. मला इतकं हसू आलं की घरमालकीण पाणी घेऊन आली. त्याच दिवशी एसटीत बसून मामाला सांगायला पाहिजे होतं. काहून न्हाई सांगितलं? कारण "मामा सावली गिरवतो" ही माझी नक्कल कॉलेजात सगळ्यात जास्त चालायला लागली. पोरं दुसऱ्या कॉलेजातून बघायला यायची. मामाला सांगितलं असतं तं मामा सावली काढायचा थांबला असता, आणि माझी नक्कल संपली असती. इतकं साधं आहे ते. इतकं हलकट.

दोन वर्षं गप्प राहिलो. मग टॉवरच्या हापिसातून मामाला बोलावणं आलं, गेटच्या भिंतीवर नवीन चिन्ह काढायला. सरकारी चिन्ह सरकारी भिंतीवर. मामा आयुष्यभर याचीच वाट बघत होता. लग्नातला शर्ट घालून गेला. दोन दिवस खपून काढलं, आणि तिसऱ्या दिवशी साहेब आले. "हे काय? पिऊन काढलं का?" मामा म्हणाला, "साहेब, टीव्हीत आहे तस्संच आहे. बराबर गिरवलंय." साहेबानं त्याला आत नेऊन तिथला टीव्ही दाखवला. तिथं कुठली सावली... मामानं रॉकेलची चिंधी घेतली आणि स्वतःच्या हातानं सगळं पुसलं. चपराशी, चौकीदार, सगळे बघत होते. पुढं ते काम दुसऱ्यानं केलं. हे मला मामानंच सांगितलं, साहेबाचा आवाज काढून. माझ्यापेक्षा चांगला काढला त्यानं.

त्यानंतर मामा महिनाभर गावोगाव सावल्या पुसत फिरला. दुकानदार हात धरायचे, "असू द्या हो, चांगली दिसते." मामा ऐकायचा न्हाई. त्या राखाडी पट्ट्यांवर पांढरा रंग मारायचा आणि पुढच्या दुकानावर जायचा.

मागच्या वर्षी मी ठरवून फाट्यावर गेलो. मामाला खोकला लागला होता, दुकानात खाटेवर बसून होता. मी सांगून टाकलं. मामा, चिन्हाला सावली न्हाई हे मला आधीपासून माहीत होतं. नकलेसाठी मी गप्प राहिलो. मामानं माझ्याकडं पाहिलं, आणि मांडीवर थाप मारून हसायला लागला. चहावाल्याला हाक मारली, "अरे इकडं ये, ऐक आमचे भाचेराव काय थापा जोडून राहिले!" मी म्हणलो, मामा, शपथ घेऊन सांगतो. तं अजून हसला. खोकला येईपर्यंत हसला. मी चिडून उठलो, चहापण घेतला न्हाई. एसटीत बसून शिव्या देत आलो, त्याला आणि मला. माणसानं उभ्या आयुष्यात एकदा खरं बोलावं, तं त्याचीपण नक्कलच व्हावी?

तेराव्यानंतर मामीकडं गेलो, तेव्हा तिलापण सांगितलं. तिला तरी पटावं म्हणून. मामी तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "ठाव हाय मला. ह्यांनी सांगितलं व्हतं."

"हसत सांगितलं असंल."

"हसत कुठलं? चपला न काढता टीव्हीपुढं येऊन बसले. जेवले न्हाईत. म्हणले, पोराला ठाव व्हतं. मी म्हणलं, मग तुमी काय बोलले त्याला? तं म्हणले, मी हसलो. म्हणले, लेकरू रडायच्या घाईला आलं व्हतं, काय करू?"

...मी इतक्या जणांचे आवाज काढले, इतक्यांच्या चाली उचलल्या. पण एक माणूस माझ्यासमोर पाच मिनिटं खोटं हसला आणि मला पत्ता लागला न्हाई. आता चिडू कोणावर? भांडायला तरी ठेवायचं कोणी.

टीव्ही चालूच होता, आवाज बंद. मामी म्हणाली, ह्यांच्या बघायच्या वेळेला मी लावते, नंतर बंद करते. मग पडद्याकडं बोट करून म्हणाली, "परवापासून ते कोपऱ्यातलं येगळंच दिसून राहिलं. बदललं का रे पुन्हा?"

बदललं होतं.

"जवळ जाऊन पाह्य," मामी म्हणाली. "सावली तं न्हाई ना त्याला?"

मी गुडघ्यावर बसलो. काचेला नाक लागेपर्यंत जवळ गेलो.

"न्हाई मामी."

"बराबर पाह्य."

"न्हाई. एकदम साफ हाय."

"बरं," मामी म्हणाली, आणि तांदळातला खडा काढून बाजूला ठेवला.