चोंदलेलं नाक
तव्यावर ओवा भाजल्याचा वास आला की भवानी पेठेतली आमची खोली आठवते. माझा मुलगा तेव्हा तीन महिन्यांचा होता. सर्दीनं त्याचं नाक इतकं चोंदलं होतं, की लुचायला लागला की गुदमरायचा. सकाळपासून पोटात थेंब नव्हता. ओव्याच्या पुरचुंडीनं शेकून मी दमले होते. रडणं ऐकून शेजारची तेलुगू विणकरीण हातमाग सोडून आली. आमची फारशी ओळखही नव्हती. “नाक बंद हाय की, दूध कसं पिणार? दे हिकडं,” म्हणत तिनं बाळाच्या नाकाला तोंड लावून शेंबूड ओढला, मोरीत थुंकली आणि चूळ भरली. बाळ पोटभर प्यायलं. मला ते सुचलंच नाही, असं मी आजवर सांगत आले. खरं तर सुचलं होतं. किळस वाटली होती.